तासगावच्या वाटेवरचं वळण

कुपवाड, सांगली
२२ जानेवारी २०२४

राजेश्वरीकाकींना बिरदेवचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुमी ओळखलं असंल. फाडायच्या आधी एवढं एक पान वाचा, मग काय करायचं ते करा. शुद्ध भाषेत लिवायचं म्हणून दोन कागद खराब केले. ते जमंना, म्हणून आपण बोलायचो तसंच लिवतोय. फोन केला असता, पर तुमचा आवाज कानावर पडला तर माझ्यानं पुढं बोलवायचं न्हाई. आन आबांनी उचलला तर काय म्हणायचं, ते मला आजून बी सुचत न्हाई.

तुमचा आन आबांचा शिवतेज जाऊन येत्या मे महिन्यात दोन वर्षं हुतील. गाडी मी चालवत हुतो, हे मी कवाच नाकारलं न्हाई. पर पहिल्या दिवसापासनं मी एकच गोष्ट सांगत आलोय. तासगावच्या वाटेवरच्या त्या वळणावर मी स्टिअरिंग वळवलं आन ते हातात मोकळं फिरलं. सायकल उलटी ठेवून चाक फिरवावं, तसं. खालची चाकं सरळच गेली, झाडावर. स्पीड साठाच्या आत हुता. कागदावर मात्र 'भरधाव व हयगयीने' असं लिवलं गेलं आन केस माझ्यावर झाली.

परवा डबा खाताना पेपरात एक बातमी वाचली. कापून सोबत घातलीय. आपली गाडी ज्या वर्षाची, त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या हजारो गाड्या कंपनीनं दुरुस्तीला परत बोलवल्यात. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथं जोडलेला असतो, तिथला बोल्ट ढिला हून जॉइंट सुटू शकतो, असं कंपनी सोताच सांगतीया. काकी, ते वाचलं आन डबा तसाच झाकून ठेवला.

इथं सांगलीत नानासो म्हणून एक वयस्कर गृहस्थ हाईत. एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक हुते, आता ग्राहकांच्या संघटनेचं काम करत्यात. त्यांना बातमी दाखवली. ते म्हणाले, "नुसत्या बातमीनं काय सिद्ध हुत न्हाई. तीच गाडी पाहिजे, तिचाच जॉइंट पाहिजे. आन तक्रार गाडीच्या मालकानं करायची." मालक आबा हाईत.

म्हणून इचारतो, गाडी हाय का आजून?

केसमधनं सुटायला लिवतोय असं समजू नका. केसचं काय व्हायचं ते हुईल. मी त्येला हयगयीनं नेलं न्हवतं, एवढं तुमाला कळायला पाहिजे, बाकी कुणाला न्हाई कळलं तरी चालंल.

तुमच्या हातचं खाऊन मोठा झालेला,
बिरदेव

मसूर, जि. सातारा
९ फेब्रुवारी २०२४

बिरदेव,

पत्र मिळाले. गाडी भंगारात दिली. तिचे काहीही शिल्लक नाही.

बातमी वाचली. कंपन्या अशा गाड्या बोलावतच असतात. त्याने आमच्या घरात काय बदलणार आहे? आबांची तब्येत पूर्वीसारखी राहिलेली नाही. त्यांच्यासमोर हा विषय कोणी काढत नाही, तूही काढू नकोस. पुन्हा लिहू नयेस हे बरे.

तुझ्या पायातली सळई काढायची राहिली आहे असे कोणाकडून तरी समजले होते. काढली नसल्यास उन्हाळ्याआधी काढून घे. घामाने जखम चिघळते.

राजेश्वरी

कुपवाड
१७ मार्च २०२४

काकी,

लिवू नको म्हणालात तरी लिवतोय. सळई काढली, दिवाळीनंतर. थोडं लंगडतो, पर उभं राहून काम हुतं. इथल्या एका वर्कशॉपात मी बोल्ट तपासायच्या टेबलावर असतो. आटे नीट पडल्यात का, माप बरोबर हाय का, ते बघायचं. खोटा बोल्ट निघाला की लाल डब्यात टाकायचा. दिवसभर तेच करतो आन दिवसभर एकाच बोल्टाचा इचार करतो.

परवा बा आलता. औंदा त्येनं मेंढरं तुमच्या रानात बसवली न्हाईत, बाजूच्या वाटेनंच पुढं नेली. म्हणाला, तुमच्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली ताडपत्री घातलेली गाडी दिसली, पांढरी. एका बाजूनं ताडपत्री वाऱ्यानं उचकटली हुती. मी म्हणलं, दुसऱ्या कुणाची असंल. त्येला आणखी काय इचारलं न्हाई.

मी आठवीत हुतो तवाची गोष्ट. बा मेंढरं घेऊन पुढं कोकणात निघाला, आन शिवतेज रस्त्यात आडवा झाला. माझा दप्तराचा बंद धरून ठेवला त्येनं. तुमी परड्यातनं बा ला म्हणालात, "धुळा, पोरगं शिकतंय तर ऱ्हाऊ दे इथंच. दोन ताटं वाढते, तिथं तिसरं." बारावी झाली, लायसन निघालं, ट्रॅक्टर हातात आला, मग गाडी. मला वाटायचं आता हे असंच चालणार.

काल नानासोंकडं बसलो हुतो. मी म्हणलं, लोक तर ड्रायव्हरलाच धरत्यात. ते म्हणाले, "गाड्या निघाल्यापासनं हेच चाललंय. परदेशात बी लय वर्षं कंपन्या म्हणायच्या की गाडी चांगलीच हाय, चालवणाऱ्याला अक्कल न्हाई. मग डॉक्टर, वकील, साधी माणसं उठली. म्हणाली, माणूस हाय, तो कवा ना कवा चुकणारच. पर त्येची शिक्षा मरण हुईल असली गाडी तुमी बनवता कशाला? तवा कुठं गाडीला पट्टा आला. तवा कुठं खोट निघाली तर गाडी परत बोलवायची रीत पडली. आपल्याकडं तर त्येचा कायदा परवा परवाचा. ह्यातलं काय बी कंपन्यांनी आपणहून दिलेलं न्हाई, बिरदेव. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी मागून घेतलंय."

तक्रारीला दोन वर्षांची मुदत असती, असं बी म्हणाले. मे महिन्याच्या बारा तारखेला ती भरती.

मी परत इचारत न्हाई. मुदत तेवढी कळवली.

बिरदेव

मसूर
२१ जून २०२४

प्रिय बिरा,

मे महिना मी जाऊ दिला. बारा तारीख कॅलेंडरवर रोज दिसत होती आणि तरी जाऊ दिली. मधे तीनदा लिहायला बसले आणि उठले. आज आबा कराडला गेलेत, म्हणून लिहून पुरं करते.

गाडी आहे. तुझ्या बाने पाहिली तीच. आबांनी भंगारवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा मी त्याला फाटकातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा आबांनी त्याला बोलावलं नाही. दुपारी ते आडवे झाले की मी गुऱ्हाळात जाते. शिवतेजच्या बाजूचं दार अजून उघडतं. तिथं बसते. पुढची काच नाही, त्यामुळं समोर थेट उसाचा फड दिसतो. सुरुवातीला सीटला त्याच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. आता नुसता उंदरांचा येतो. तरी बसते. ही गाडी उघडायला माणसं आली, घेऊन गेली, तर दुपारची मी कुठं जाऊ, या भीतीनं तुला खोटं लिहिलं.

पण एवढंच कारण नाही, खरं कारण वेगळं आहे.

शिवतेज गेला त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीकडून आबांच्या नावानं एक पत्र आलं होतं. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या माणसांचं चित्र. 'मोफत तपासणी शिबिर. आपल्या लाडक्या गाडीची काळजी आम्ही घेतो. येणाऱ्या प्रत्येकास छत्री भेट.' खाली बारीक अक्षरात स्टिअरिंगची खबरदारीची पाहणी, असं काहीतरी होतं. मी वाचलं. घरात चार छत्र्या आहेत, असं मनात आलं. बाकी काहीच आलं नाही. त्याच कागदाच्या पाठीवर मी सांडग्या-पापडाच्या सामानाची यादी केली. शिवतेजला सांगितलंही नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी तो कागद शोधला. फडताळात डाळीच्या डब्याखाली होता. तुला उत्तर लिहिताना तो माझ्या समोर होता, बिरा. तू खरं बोलतोयस हे मला कळलं होतं. आणि तरीही मी तुला तसं लिहिलं. चूक तुझी आहे असं म्हणत राहिलं की माझ्याकडं बघायची वेळ येत नव्हती.

तो कागद या पत्रासोबत पाठवते. नानासोंना दाखव. कंपनी म्हणेल, आम्ही कळवलं होतं, आईनंच दुर्लक्ष केलं. म्हणू दे. गेले पाच महिने मी स्वतःला तेच म्हणते आहे.

तुझी,
काकी

कुपवाड
२ जुलै २०२४

काकी,

राग आला न्हाई असं लिवलं तर ते खोटं हुईल. आला. दोन दिवस तुमचा कागद पिशवीतच ठेवला. गावच्या जत्रंत माझ्या आईला एक बाई म्हणाली हुती, "तुझ्या पोरानं मालकाचं पोरगं मारलं." आई तवापासनं जत्रंला जात न्हाई. ते सगळं डोक्यात आलं. तुमाला कळलं हुतं आन तरी तुमी मला लिवू नको म्हणालात, ते लय लागलं.

तिसऱ्या दिवशी तो कागद परत काढला. पाठीवरची यादी वाचली. तांदूळ, साबुदाणा, पापडखार, हिंग. तुमचं अक्षर. तवा वाटलं, हा कागद माझ्या खोलीवर आला असता तर मी ह्येच्यात भजी बांधून आणली असती. मी बी शिबिराला गेलो नसतो.

नानासोंना दिला. ते चष्मा काढून, घालून परत परत वाचत हुते. मग म्हणाले, "ह्येच्यात धोका हा शब्द कुठं हाय? जॉइंट सुटंल असं कुठं हाय? दुरुस्ती हुईपतोर गाडी चालवू नका, हे कुठं हाय? ह्या लोकांना फेब्रुवारीत ठाऊक हुतं आन त्यांनी छत्री देतो म्हणून सांगितलं." ते म्हणाले, हा कागद लपवायचा न्हाई, तक्रारीत सगळ्यात वर लावायचा. मुदतीचं बी भ्याऊ नका म्हणत्यात. खोट हाय हे आपल्याला बातमीवरनं कळलं, तिथनं दिवस मोजा, असं ग्राहक आयोगाला सांगता येतं.

आता आबांची सही पाहिजे. ते तुमीच करा. मी येत न्हाई. दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा आबा खाटेच्या पायाशी उभे हुते. माझे डोळे उघडलेले बघितले आन पाठ फिरवून गेले. ती पाठ मला आजून दिसती.

रान कसं हाय? विहिरीकडचा आंबा लागला का औंदा?

बिरदेव

मसूर
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय बिरा,

आंबा लागला, पण उतरवायला कोणी नव्हतं. निम्मा पाखरांनी खाल्ला.

आबांना मी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. तुझी तिन्ही पत्रं, बातमी आणि त्या कागदाची झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिलं विचारलं, "हे कोणी पाठवलं?"

"बिरानं."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही असं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं," मी म्हणाले. "मी गप्प बसले होते. आधी वाचा."

त्यांनी वाचलं. चहा गार झाला. वाचून झाल्यावर ते उठून गुऱ्हाळाकडं गेले, मी मागून गेले. त्यांनी ताडपत्री काढली, स्टिअरिंगला हात लावला आणि डावीकडं फिरवलं. मग उजवीकडं. ते नुसतं फिरत होतं. पुढची चाकं जागची हलली नाहीत. दोन वर्षं ती गाडी आमच्या दारात होती, बिरा, आणि आमच्यापैकी कोणी एकदाही ते फिरवून बघितलं नव्हतं. मी रोज शेजारच्या सीटवर बसत होते.

आबा म्हणाले, "फौजेत गाडी ठोकली की ड्रायव्हरला विचारायच्या आधी वर्कशॉपचा रिपोर्ट मागवतात. तीस वर्षं मी तेच केलं. घरातली गाडी ठोकली तेव्हा रिपोर्ट मागवला नाही." त्याच दिवशी त्यांनी सही केली.

परवा नानासो आले, त्यांच्याबरोबर इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक. कंपनीलाही रीतसर कळवलं होतं, त्यांचा एक तरुण कॅमेरा घेऊन आला होता. आयोगाचा माणूस होता. गाडी उघडायच्या आधी मी नानासोंना म्हणाले, मला पाच मिनिटं द्या. ते सगळ्यांना घेऊन विहिरीकडं गेले. मी सीटवर बसले आणि मग आपणहून उतरले.

जॉइंट खाली निखळून पडला होता. बोल्ट आटे शाबूत असताना निघालेला होता. प्राध्यापक म्हणाले, तुटला असता तर धडकेनं तुटला म्हणता आलं असतं, हा तर नीट आवळलाच नव्हता, कारखान्यातूनच. कंपनीचा तरुण फोटो काढत होता. काम झाल्यावर त्याने मला पाणी मागितलं आणि पाणी पिताना खाली बघून म्हणाला, "काकू, माझ्या दादाकडं हीच गाडी आहे." मी म्हटलं, "आजच फोन कर त्याला."

फाटक वाजलं की मी बघत होते. तू येशील असं वाटलं होतं.

काकी

कुपवाड
१६ एप्रिल २०२५

काकी,

काल निकाल लागला. मी सुटलो. आबांनी घरी सांगितलंच असंल, पर कोर्टात काय झालं ते त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

फेब्रुवारीच्या तारखेला आबा साक्षीला आले हुते. एस.टी.नं आले, एकटे, इस्त्रीचा शर्ट, मेडलची पट्टी. सरकारी वकिलानं इचारलं, "आरोपी नेहमीच गाडी जोरात चालवायचा, असा जबाब आपण दिला होता ना?"

आबा म्हणाले, "दिला होता. खोटा दिला. हा माझ्यापेक्षा हळू चालवायचा. माझा मुलगा त्याला त्यावरून चिडवायचा."

"मग तसा जबाब का दिलात?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग आबा म्हणाले, "मुलगा गेला होता. समोर हा एकटाच जिवंत होता."

प्राध्यापकांचा रिपोर्ट दाखल झाला आन पुढचं सगळं सोपं हुत गेलं.

काल निकालाला बी आबा आले हुते. स्टँडवर आमी चहा घेतला. मी दोन कप आणले, त्यांनी एक घेतला. तीन वर्षांनी आमी एकमेकांच्या शेजारी बसलो हुतो आन दोघं बी समोरच्या गाड्या बघत हुतो. कराडची गाडी लागली. चढताना त्यांनी दांडीला धरलेला हात सोडला, माझ्या खांद्यावर ठेवला आन म्हणाले, "घरी ये." मागनं माणसं ढकलत हुती. मी व्हय म्हणालो का न्हाई, ते त्यांना ऐकू गेलं नसंल.

काकी, मला लय यावंसं वाटतं. कधी कधी काम सुटल्यावर चुकून स्टँडकडंच वळतो. पर फाटकातनं आत आलो की पहिल्यांदा त्येची खोली लागती. तुमी कितीबी चांगलं बोललात तरी त्या दारापुढनं मला जाता यायचं न्हाई. म्हणून येत न्हाई. दुसरं कारण न्हाई.

बिरदेव

मसूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बिरा,

ग्राहक आयोगाचा निकाल लागला. नानासोंनी तुला सांगितलाच असेल, तरी मी माझ्या हातानं लिहिते.

मधे कंपनीच्या वकिलानं मला प्रश्न लिहून पाठवले होते, उत्तरंही लिहूनच द्यायची होती. सूचना मिळाली होती का? मिळाली. वाचली का? वाचली. तरीही दुर्लक्ष केलेत, हे खरे का? नानासो म्हणाले, इथं जपून लिहा. मी लिहिलं, 'हो, खरे. तुम्ही मला छत्री देतो म्हणून लिहिले होते. गाडी वळणार नाही, असे लिहिले नव्हते.' निकालपत्रात माझं हे उत्तर जसंच्या तसं छापलं आहे. आयोगानं म्हटलंय की धोका लपवून दिलेली सूचना ही सूचनाच नाही. भरपाई द्यायला सांगितली आहे. आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक मालकाला पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात, मराठीत कळवायचं: या गाडीचे स्टिअरिंग अचानक निकामी होऊ शकते, दुरुस्तीपूर्वी चालवू नका. कंपनी वर अपिलात जाईल असं नानासो म्हणतात. पण पेपरात सगळं आल्यावर त्यांनी पत्रं पाठवायला सुरुवात केली आहे.

गेल्या रविवारी फलटणहून एक जोडपं आलं, दोन लहान मुलं घेऊन. पेपरातून गाव शोधत आले होते. त्यांची गाडी तीच, रंगही तोच. पत्र मिळाल्यावर ते गॅरेजात गेले, तर बोल्ट दोन आट्यांवर अडकलेला होता. त्या बाई नुसता माझा हात धरून बसल्या. मुलांनी अंगणात कोंबड्यांमागं धुमाकूळ घातला. मी पोहे केले. जाताना आबा फाटकापर्यंत गेले, मी ओसरीवरच थांबले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागताना डावीकडं वळली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग आत जाऊन खूप वेळ रडले. त्या मुलांचं वाईट वाटलं म्हणून नाही. आपलीही अशीच वळली असती.

शिवतेजच्या खोलीचं दार तुला नको असेल तर परड्याच्या बाजूनं ये. तुझ्यासाठी ते दार मी कडी न लावता ठेवीन.

आणि एक विचारायचं आहे. इतक्या दिवसांत मला धीर झाला नाही. त्याचा जन्म झाला तेव्हापासूनचा सगळा वेळ मला थोडाफार ठाऊक आहे. शाळेतला, कॉलेजातला, शेतावरचा. फक्त त्या दिवशी घरातून निघाल्यापासून ते त्या वळणापर्यंतचा ठाऊक नाही. दीड तास तरी असेल. तो तुझ्याकडं आहे. तुम्ही दोघं गाडीत काय बोलत होता?

नको वाटलं तर लिहू नकोस.

काकी

कुपवाड
५ डिसेंबर २०२५

काकी,

चौकीत इचारलं, स्पीड किती हुता. इन्शुरन्सवाल्यानं इचारलं, स्पीड किती. वकिलानं तेच, कोर्टानं तेच, पहिल्या दिवशी नानासोंनी बी तेच इचारलं. आमी बोलत काय हुतो हे आजपतोर कुणीच इचारलं न्हवतं. तुमी पहिल्या.

पुढच्या रविवारी येतो, परड्याच्या बाजूनं. पर हे समोर बसून सांगता यायचं न्हाई, म्हणून आधी लिवतो.

कराडपतोर तो फोनवर हुता, तासगावच्या बेदाण्याच्या शेडवाल्याशी. कराड सोडल्यावर त्येनं तुमी दिलेला डबा उघडला. धपाटी हुती. माझे हात स्टिअरिंगवर, म्हणून त्येनंच तुकडे करून मला चारली. जळकी बाजू मला आन चांगली बाजू त्येला. मी तसं म्हणलं तर म्हणाला, मालक कोण हाय रं?

मग माझ्या लग्नाचं काढलं. बा नं एक पोरगी बघितली हुती आन मी हो म्हणंना. त्येचं म्हणणं, "तू हो म्हण गड्या. मी बी हो म्हणतो कुणाला तरी. एकाच मांडवात दोघांचं उरकू, आईला पापड एकदाच करावं लागतील." मी म्हणलं, तुला पोरगी कोण देणार, तुला पोहता बी येत न्हाई. त्यावरनं आमचं जुंपलं. विहिरीत पहिल्यांदा कुणी कुणाला ढकललं हुतं, ह्येच्यावर पाच-सहा मैल भांडलो. लय हसलो काकी. डोळ्यांतनं पाणी येईपतोर तो हसत हुता.

आता जे कुणालाच सांगितलं न्हाई ते सांगतो. वळणावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तवा मी "आरं, वळंना" म्हणलं. त्येनं "बिरा" म्हणलं आन त्येनं बी दोन्ही हात स्टिअरिंगला घातले. आमचे चार हात हुते. हे चौकीत सांगितलं असतं तर म्हणले असते, शेजारच्यानं हात घातला म्हणून गाडी गेली, आन त्येच्यावर आळ आला असता. म्हणून गप्प बसलो. तो भ्याला हुता. मी बी. त्येला लय वेळ भ्यावं लागलं न्हाई, तेवढं खरं सांगतो.

त्येच्या आधी, म्हंजे वळण यायच्या थोडंसंच आधी, हसणं थांबलं हुतं. बाहेर ऊन लय हुतं. त्येनं काच वर घेतली, डबा बंद करून मागं ठेवला आन माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "सकाळपासनं तूच चालवतोयस. येताना मी चालवतो. तू मागं निवांत झोप, घर आलं की उठवतो."

मी म्हणलं, बरं.

तुमचा,
बिरा